बुटांच्या दुकानापाशी धाकटी वळायची

लिहायला बसलीसच तर नीट लिही, आणि मध्ये मध्ये मला थांबवू नकोस, माझा धागा सुटतो. तुझ्या कॉलेजात सांगितलंय ना, माणूस शिकतं कसं त्यावर ओळखीतल्या कुणाचं तरी लिहून आणा? मग माझं नको. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही. तुझ्या धाकट्या आजीचं लिही. ती शिकली, तेही कसं, तर आपण शिकलो हे तिला स्वतःला ठाऊक नसताना. असं तुझ्या पुस्तकात कुठं असलं तर मला दाखव.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी एका घरात आलो, भांडलो, बोलेनाशा झालो, पुन्हा बोललो. आमचे नवरे, भाऊ-भाऊ, गेले आणि मागे आम्ही दोघीच राहिलो, एकमेकींच्या उरावर. ती मला ताई म्हणते, मी तिला धाकटे म्हणते. तिचा मुलगा लिफ्टा दुरुस्त करतो, म्हणून सगळी आळी त्याला लिफ्टवालाच म्हणते. आणि गंमत बघ, लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांना विचार.

धाकटी छत्र्यांच्या कारखान्यात होती. कारखाना कसला, एक लांबडी खोली, वर पंखे, आणि सगळीकडे काड्यांचे सांगाडे उलटे टांगलेले. काडीच्या टोकाला कापड टाचायचं काम हिचं. टाका सैल पडला की वाऱ्यानं कापड उडतं, घट्ट पडला की काडी वाकते. हिचा टाका कधी हलला नाही. तोंड मात्र सारखं हलायचं. मालकाला तोंडावर म्हणायची, "तुमच्या छत्र्या टिकतात त्या माझ्यामुळं, आणि बुडतात त्या तुमच्या कापडामुळं."

तिला ताप आला. साधा वाटला, पण मेंदूत गेला. किती आठवडे ती हॉस्पिटलात होती ते मला नको विचारू, मी ते दिवस मोजलेच नाहीत. जगली. घरी आणायच्या आधी डॉक्टर म्हणाले, जुनं सगळं शाबूत आहे, पण आता नवीन काही टिकणार नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं थोडंफार. तसं नव्हतं. मी तिला चहा दिला, तिनं प्यायला, कप धुऊन ठेवला, आणि म्हणाली, "ताई, आज चहा नाही का करायचा?"

आणि आमचं नशीब असं, की ती आजारी असतानाच जुनी इमारत पाडायला घेतली. आम्ही या घरात आलो. म्हणजे बघ, जे घर तिला पाठ होतं ते गेलं, आणि जे होतं ते तिच्या डोक्यात शिरणार नाही. सकाळी उठून मला विचारायची, "ताई, आपण कुणाकडं आलोय? किती दिवस राहायचं यांच्याकडं? त्यांना अडचण नको व्हायला." मी म्हणायचे, "आपलंच घर आहे गं." ती बिचारी मान डोलवायची आणि पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची.

लिफ्टवाल्यानं एक दिवस तिला सहज कारखान्यात नेलं, सगळ्यांना भेटवायला. ही गेली, आपल्या जागेवर बसली, सुई घेतली आणि टाचायला लागली. कुणी काही सांगितलं नाही. मालक उभा राहून बघत राहिला. म्हणाला, "हात तर जसेच्या तसे आहेत. येऊ दे तिला. पण एक सांगतो, संध्याकाळी माझ्या दारातून बाहेर पडली की ती कुठं जाते ते बघायला माझ्याकडं माणूस नाही. एकटी घरी जाता आलं तर ठेवतो."

सकाळचा प्रश्न नव्हता, मुलगा कामावर जाता जाता सोडायचा. परतायची वेळ मात्र अडचणीची. त्या वेळी तो कुठल्या तरी इमारतीच्या पोटात, दोरखंडांमध्ये. आणि मी एकदा खाली उतरले की वर चढवायला कुणीतरी लागतं. म्हणजे तिला रस्ता शिकवणं आलं. ज्या बाईला सकाळचा चहा संध्याकाळी आठवत नाही, तिला रस्ता!

रस्ता लांब नाही. कारखान्यातून निघालं की सरळ यायचं, कोपऱ्यावर बुटांचं दुकान लागतं. उजवीकडं वळलं की आमची जुनी गल्ली. न वळता पुढं आलं की औषधांचं दुकान, आणि त्याच्या शेजारी आमचं फाटक. चुकायला जागा एकच. आणि ती बरोबर तिथंच चुकायची. उजवीकडं वळायची, जिथं इमारत होती तिथं आता पत्रे ठोकलेत, त्या पत्र्यांवर टकटक करायची. "ताई, दार उघडा, मी आलेय." पहिल्यांदा लिफ्टवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडं बघितलंच नाही, भाजी चिरत राहिले.

पण तो जिद्दीचा. म्हणाला, "काकू, चुकली की कळेल तिला. मला उस्तादानं असंच शिकवलं. मुद्दाम चुकीच्या तारेला हात लावू दिला. असा झटका बसला की आयुष्यात परत चुकलो नाही."

मग तो कामातून सवड काढून तिच्या मागं मागं चालायचा. ती वळली तरी बोलायचा नाही. पत्र्यापर्यंत जाऊ द्यायचा, टकटक करू द्यायचा, आणि मग पुढं यायचा. "आई, चुकलीस! कुठं चुकलीस, सांग पाहू?" ती घाबरून त्याच्याकडं बघायची. तिला कोपऱ्यापर्यंत परत आणायचा. "हे बघ. हे बुटांचं दुकान. इथं. इथं वळायचं नाही. नीट बघून ठेव. कुठं वळायचं नाही?"

"इथं," ती म्हणायची.

"शाब्बास."

दुसऱ्या दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा जास्त ठामपणे तिथंच वळायची. खोटं नाही सांगत. पूर्वी निदान थबकायची. आता बुटांचं दुकान आलं की पिशवी छातीशी घट्ट धरायची, चेहरा पांढरा पडायचा, आणि झपझप उजवीकडं. कशाला घाबरलीस विचारलं तर म्हणायची, "काही नाही रे, इथं काहीतरी महत्त्वाचं आहे."

इकडं मी गॅलरीत. रस्त्यावर कुणी बाई दिसली की वाटायचं हीच. नसायची. गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून ठेवून तिथला रंग उडाला, तू लहानपणी विचारायचीस ना, हे काय म्हणून, ते हे.

मग हॉस्पिटलातून एक बाई यायला लागली. डॉक्टर नव्हे. असल्या माणसांना पुन्हा शिकवायचं, एवढंच तिचं काम. बारीक, कपाळावर केस येणारी, आणि बोलण्यात अशी मऊ की मला आधी तिचा रागच आला. म्हटलं, ही काय शिकवणार.

तिनं एकदा धाकटीच्या मागून फेरी मारली, वर आली, पाणी प्यायली, आणि लिफ्टवाल्याला म्हणाली, "तुम्ही खूप चांगलं शिकवलंत हो."

त्याला वाटलं, कौतुक. "पण ती शिकत नाहीये ना!"

"शिकल्यात की. बुटांचं दुकान आलं की वळायचं, हे पक्कं शिकल्यात."

धाकटी आत भांडी पुसत होती.

"तुम्हाला झटका बसला तो तुम्हाला आठवतो," बाई म्हणाली, "म्हणून पुढच्या वेळी तुम्ही हात आखडता. त्यांना झटका आठवत नाही. झटका बसायच्या आधी पाय जिकडं गेले तेवढं पायांना आठवतं. आणि त्या जागी भीती वाटते, तेवढं मनाला. का वाटते ते नाही. चुकून शिकायचं तर चूक लक्षात राहायला लागते. यांच्या बाबतीत चूक होऊच द्यायची नाही. काय करायचं ते आधी सांगायचं. नंतर सांगून उपयोग नाही."

लिफ्टवाला उठला. "म्हणजे मीच आईला बिघडवलं, असंच ना?"

"असं नाही म्हणाले मी."

"मग कसं म्हणालात?" आणि चपला घालून गेला. जिन्यात त्याची पावलं धाडधाड वाजली. बाई माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, चहा मिळेल का?" तेव्हा मला ती आवडायला लागली.

तिची रीत ऐक, ही नीट लिही. तिनं रस्ता उलटा शिकवला. सुरुवात कारखान्यापासून केली नाही, आमच्या दारापासून केली. आधी नुसतं दारासमोर उभं राहायचं, किल्ली लावायची, आत यायचं. धाकटीनं हात पिशवीत घालायच्या आधीच बाई म्हणायची, "निळ्या दोऱ्याची किल्ली." विचारायचं नाही, कुठली किल्ली? कधी विचारायचं नाही. आळीतल्या बायका यायच्या आणि "ओळखा पाहू मी कोण" सुरू करायच्या, त्यांनाही बाईनं बंद केलं. "आधी नाव सांगा, मग बोला." ते जमलं तेव्हा खालच्या जिन्यापासून वर. मग फाटकापासून. मग औषधांच्या दुकानापासून. दर वेळी शेवट तोच, आपलं दार, आपली किल्ली, आत ताई आणि चहा. म्हणजे नवीन तुकडा नेहमी सुरुवातीला जोडला जायचा, आणि त्याच्यापुढचा सगळा रस्ता पायांच्या ओळखीचा.

सांगणंही हळूहळू कमी केलं. आधी शब्दात, मग नुसता तळहात पुढं करून, मग नुसतं शेजारी चालून, मग मागं. आणि बुटांच्या दुकानाचा कोपरा तिनं रस्त्यातून काढूनच टाकला. कारखान्याच्या मागच्या दारानं बेकरीची गल्ली निघते, ती थेट औषधांच्या दुकानासमोर येते. म्हणाली, "तिथं घट्ट बसलेलं आपण आता उपसत बसायचं नाही. तिकडं जायचंच नाही."

धाकटीला ही बाई रोज नवी. रोज हात जोडून म्हणायची, "या, बसा. आपण कोण?" पण बाई दारात दिसली की बोलता बोलता हिचे पाय चपलांत गेलेले असायचे. बाई हसायची. "मी कोण ते पायांना माहीत आहे." मी एकदा म्हटलं, "अगं, मला शिकव ना अशी, मी तरी काही शिकेन." तर म्हणाली, "आजी, तुम्ही ऐकणार नाही."

लिफ्टवाला यातलं काही बघायला थांबायचा नाही. पण धाकटी बेकरीपासून येते असं मी सांगितलं की तोंड फिरवून ऐकायचा.

आणि अशात एका सकाळी फोन आला. असल्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे, गावाबाहेर, लिफ्टवाल्यानं आधी कधीतरी तिथं तिचं नाव घालून ठेवलं होतं. एक जागा रिकामी झाली. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवा, नाहीतर पुढच्या माणसाला देऊ.

त्यानं फोन ठेवला आणि माझ्यासमोर बसला. "काकू, आज ती एकटी येईल. मी मागं राहीन, लांब. पोचली तर ठेवू. नाही पोचली तर मी हो सांगणार."

"अरे, बाईंना तरी विचार."

"बाईंना आज दुसरे पेशंट आहेत. मी फोनवर बोललो. म्हणाल्या, करून बघा, मागून हाक मारू नका."

"आणि ही तिथं गेली तर तिला रोज नवीन घर वाटेल रे. रोज सकाळी उठून विचारेल, कुणाकडं आलोय. उत्तर द्यायला कोण असेल?"

तो माझ्यावर ओरडला नाही, हेच वाईट होतं. "काकू, मी लिफ्टच्या पोकळीत लटकलेला असतो ना, वर दोरखंड, खाली अंधार, तेव्हा माझ्या डोक्यात आई पत्र्यावर टकटक करत असते. मागच्या आठवड्यात कमरेचा पट्टा लावायचा विसरलो. एक दिवस मीच खाली येईन. मग कोण राहील?"

मी म्हटलं, "मी पण येते खाली."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

संध्याकाळी आम्ही दोघं कारखान्याच्या मागच्या दारापाशी, समोरच्या बाजूला, एका उभ्या ट्रकच्या आडोशाला. चोरासारखे. धाकटी बाहेर आली. पिशवी खांद्याला, कुणाशी तरी बोलत, हसत. आणि न थांबता बेकरीच्या गल्लीकडं निघाली. मी त्याचा दंड धरला. "बघितलंस? बघितलंस?" तो म्हणाला, "चला, गप्प."

बेकरीपाशी ती थांबली.

गल्ली खणलेली होती. दुपारी पाण्याचा नळ फुटला होता, आणि पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खड्डा, वर मातीचे ढीग, पुढं तांबडी फीत बांधलेली. आत एक माणूस पाणी उपसत होता. तो हिला म्हणाला, "मावशी, इकडून नाही. पुढून जा, बुटांच्या दुकानावरून."

मी लिफ्टवाल्याची बाही ओढली.

धाकटी तिथं उभी. फितीकडं बघते, मातीकडं बघते, परत फितीकडं. मी तिला पाठमोरी बघत होते, पण पाठीवरूनही कळत होतं की पुढं काय करायचं ते तिच्याजवळ नाही. मग वळली आणि मोठ्या रस्त्याला लागली. बुटांच्या दुकानाकडं.

"हाक मार," मी म्हटलं.

"नाही."

"अरे, हे तिला शिकवलेलंच नाही! ही परीक्षा नाही झाली."

"रस्ते खणणारच काकू. आज हा खणलाय, उद्या तो. तेव्हा तिच्या मागं कोण असणार आहे? खरं काय ते आजच कळू दे."

त्याचंही खोटं नव्हतं, पोरी. म्हणूनच माझा जीव जात होता. हाक मारली तर ती एकटी पोचली असं होणार नाही, आणि संस्थेला हो म्हणून फोन जाणार. नाही मारली तर कोपऱ्यावर ती वळणार, पुन्हा पत्रे, पुन्हा टकटक, बाईनं एवढे दिवस जपून बांधलेलं सगळं उसवणार, आणि फोन तरीही जाणार. दुकानाची पाटी दिसायला लागली. काचेत ओळीनं बूट. धाकटीनं पिशवी खांद्यावरून काढली. छातीशी धरली.

मी म्हटलं, "बघ, धरली तिनं पिशवी." एवढंच म्हणाले. दुसरं काही नाही.

आणि तो पळाला. मला तिथंच सोडून, रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर, गाड्यांच्या मधून. एक रिक्षावाला त्याला काय काय बोलला ते लिहू नकोस. पलीकडून धावत तो कोपरा मागं टाकून पुढं गेला, परत रस्ता ओलांडला, आणि दुकानाच्या पुढं, सरळ रस्त्यावर, तिला समोर दिसेल असा उभा राहिला. धापा टाकत होता. हाक मारली नाही. चूक म्हणाला नाही. बाई करायची तसा तळहात पुढं धरला आणि स्वतः औषधांच्या दुकानाच्या दिशेनं वळला. बाईला असं करताना यानं कधी बघितलं होतं, देव जाणे. मी तर समजत होते हा बघतच नाही.

धाकटीचं एक पाऊल उजवीकडं पडलेलं होतं. तिनं त्याला बघितलं.

"अरे, तू इथं कसा? आणि असा घामाघूम? काही खाल्लंस का?"

"घरी जाऊन खातो आई. चल."

"चल की." आणि ते पाऊल तिनं उचललं, सरळ रस्त्यावर ठेवलं. पिशवी अजून छातीशी होती. औषधांचं दुकान आलं तशी आपोआप खांद्यावर गेली. तिथून पुढं ती त्याच्याही पुढं होती. फाटक, जिना, निळ्या दोऱ्याची किल्ली. हे सगळं मला नंतर त्यानं सांगितलं, कारण मी कोपऱ्यावरच एका पायरीवर बसले होते. बुटांच्या दुकानातला पोऱ्या नव्हे, मालक स्वतः पाणी घेऊन बाहेर आला.

मला वर चढवायला तो आला तेव्हा पहिल्या मजल्यावर आम्ही दम खायला थांबलो. मी विचारलं, "पोचली म्हणायचं का रे, का नाही?"

"नाही पोचली," तो म्हणाला. "मी होतो म्हणून आली."

पुढच्या पायऱ्या कठडा धरून चढले. घरात आल्या आल्या त्यानं फोन उचलला. धाकटी आत चहा ठेवत होती. मी दाराला धरून उभी. तो म्हणाला, "हो, मीच बोलतोय. ती जागा पुढच्या माणसाला द्या. नाही, नको आहे." मग थोडा वेळ ऐकत राहिला. "नाही हो, बरी झाली नाहीये. बरी होणारही नाही. पण वळायच्या आधी दाखवलं की येते." आणि ठेवला.

मग छत्र्यांच्या कारखान्याच्या मालकाला फोन. त्याला लपवलं नाही. "रस्ता नीट असला तर आई एकटी येते-जाते. रस्ता बदलला तर नाही." मालक म्हणाला, "रस्ता तर रोज कुणीतरी खणतंच." हा म्हणाला, "म्हणून रोज दुपारी तुमच्याकडच्या कुणीतरी मागच्या दारातून डोकावून बघायचं, गल्ली मोकळी आहे का. नसली तर मला किंवा काकूला कळवायचं, म्हणजे ती निघायच्या आधी आम्ही तिथं असू. निघाल्यावर नाही. आधी." मालक म्हणाला, "डोकावायचंच असलं तर मीच डोकावतो, बिडी प्यायला उठतोच तेव्हा."

तेव्हापासून ती जाते. सगळं सुरळीत झालं असं लिहू नकोस. मालक एकदोनदा विसरला, आणि एकदा ती पत्र्यापर्यंत गेली. आता तिथं नवी इमारत आहे, रखवालदार आहे, त्यालाही शिकवून ठेवलंय, काही विचारायचं नाही, नुसतं म्हणायचं, "मावशी, चला, मीही तिकडंच निघालोय." लिफ्टवाला आता पट्टा लावतो का, हे मी रोज विचारते. तो म्हणतो, "काकू, दोनदा लावतो." खरं-खोटं त्याला ठाऊक.

आणि मी गॅलरीत असते. तुला वाटत असेल, इतक्या वर्षांत सवय झाली असेल. नाही होत. तिच्या पायांना रस्ता आला, माझ्या पोटाला काही तो आला नाही. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की मी आत येते, आणि चहाला हात लावत नाही, कारण तो तिनंच करायचा. किल्ली फिरते. ती आत येते, चपला काढते, मला बघून म्हणते, "ताई, तुम्ही आधीच आलात होय? केव्हा पोचलात?"

"आत्ताच गं," मी म्हणते.